प्रेरणेआधी पाऊल
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



हीरक महोत्सव हा संस्थेच्या वाटचालीचा हिशेब मांडण्याचा प्रसंग असतो. त्या निमित्ताने संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसांच्या प्रकृतीचाही हिशेब मांडला जावा, हे उचितच होय. साठ वर्षांपूर्वी पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज पासष्टी ओलांडून गेली आहेत. नंतरच्या तुकड्यांतील अनेकांनी नोकरी, संसार आणि परप्रांतात जम बसवण्याच्या धावपळीत चाळिशी-पन्नाशी गाठली आहे. आरोग्य कशाने बिघडते, हे यांपैकी कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. कळते पण वळत नाही, हेच खरे दुखणे आहे.

या दुखण्याची व्याप्ती लहान नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सडपातळ माणसानेही निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची आणि वजनाच्या प्रमाणाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायी २१.२ टक्के होती.

आशेलाही तितकाच भक्कम आधार आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांचा चेन्नईत अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आहारातील बदल आणि नियमित चालणे यांमुळे मधुमेह जडण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला; औषध घेणाऱ्या गटात तो सुमारे २६ टक्क्यांनी घटला. म्हणजे आहार आणि चालणे यांचे मोल औषधाहून कमी ठरले नाही.

मग अडते कोठे? मनाला उभारी आली की व्यायाम सुरू करू, असे माणूस म्हणतो आणि उभारीची वाट पाहत वर्षे निघून जातात. येथे शाळेचेच स्मरण उपयोगी पडावे. घंटा झाली की मुले रांगेत उभी राहत. आज कवायतीची प्रेरणा आहे काय, असे त्यांना कोणी विचारत नसे. वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती आणि शेजारी सोबती होता. गोडी पुष्कळदा मागाहून लागे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनाचा रोखही असाच आहे. ‘चालायला हवे’ या निश्चयापेक्षा ‘सकाळचा चहा झाला की गल्लीच्या टोकापर्यंत जायचे’ हा निश्चय अधिक प्रमाणात तडीस जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. महत्त्वाचे असे की, मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारशी बाधा आली नाही. चुकलेल्या दिवसाचा खेद करीत संकल्पच सोडून देणे, ही त्या दिवसापेक्षा कितीतरी मोठी हानी होय.

आरंभ मात्र बेताचा असावा. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात बलवान माणसालाही थंडीच्या व वसंताच्या दिवसांत अर्ध्या शक्तीपर्यंतच आणि इतर ऋतूंत त्याहून कमी व्यायाम सांगितला आहे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे क्रमाने गाठता येतात. हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

सोबतीचे महत्त्व तर मराठी माणसाने पूर्वीच ओळखले होते. बडोद्यात प्रा. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिर नावारूपाला आणले, ते मराठी मुलखाबाहेरच. आखाड्यात एकाने दांडी मारली तर दुसरा विचारणा करतो, आणि आळसावर याहून प्रभावी उपाय क्वचितच सापडेल. एका तुकडीतील चार जुन्या मित्रांनी रोजची एक वेळ ठरवली, तरी असाच आखाडा उभा राहील. पालकांवर तर दुहेरी जबाबदारी आहे. मुलांना दररोज सरासरी तासभर अंगमेहनतीची गरज असते. आणि ज्या घरात आई-वडील संध्याकाळी पडद्यापुढून उठून बाहेर पडतात, तेथे मुलांना फारसा उपदेश करावा लागत नाही.

पंधरा वर्षांनी या शाळेचा अमृत महोत्सव येईल. तेव्हा पहिल्या तुकडीतील मंडळी ऐंशीच्या पुढे असतील. त्यांनी त्या मंडपात स्वतःच्या पायांनी चालत यावे आणि नातवंडांना आपला वर्ग दाखवावा, ही या महोत्सवाची सदिच्छा. त्यासाठी लागणारी पहिली दहा मिनिटे उद्या सकाळी सर्वांच्याच हाती आहेत.