गिरणीवरची जुनी पाटी

गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीचा हंगाम भरात आला, की कांडपाच्या गिरणीसमोर पिशव्यांची रांग लागते. अशाच एका गिरणीची आज आपण मनाशी कल्पना करू या. गिरणीमागच्या पडवीत पूर्वी तेलाचे इंजीन होते. मालकाने गड्यासाठी दारावर पाटी लावली होती : 'मागे इंजीन असेल तरच कांडप घ्यावे.' पुढे विजेची तार आली, मोटर बसली, इंजीन मोडीत गेले. पाटी मात्र तशीच राहिली. एक दिवस नवा गडी आला. त्याने पाटी वाचली, पडवीत डोकावून पाहिले, इंजीन दिसेना, आणि डोक्यावर विजेचा दिवा जळत असताना त्याने लोकांना सांगून टाकले, "आज कांडप बंद!"

आपल्याला हसू येते. पण शाळेतला संगणक कधी कधी नेमका या गड्यासारखाच वागतो. सुट्टीत कोणीतरी त्यावरची लिनक्स प्रणाली नवी करतो आणि शाळा उघडते तेव्हा यंत्र मुके झालेले असते. तुम्ही म्हणाल, आवाज नसला म्हणून काय बिघडले? मुंबईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातले मराठी पाठ कानांनीच ऐकायचे असतात. आणि ज्या मुलाला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला 'ओर्का' हा वाचक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. 'ईस्पीक' त्याला मराठीतूनही बोलता करतो. आवाज गेला, की त्या मुलापुरता सारा संगणकच विझला. म्हणून ही गोष्ट शिक्षकाने समजून घ्यावी अशी आहे.

प्रथम चार शब्द पाहू. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. यंत्राचे सर्व अवयव त्याच्या हुकमतीत चालतात. ड्रायव्हर म्हणजे एकेका अवयवाची भाषा जाणणारा दुभाषी. आवाजाच्या कार्डाचा दुभाषी निराळा. पॅकेज म्हणजे एखादे काम करणारा बांधीव संच. आणि प्रत्येक पॅकेजवर एक पाटी असते : 'मला अमुक अमुक पॅकेज आधी लागेल.' या पाटीला डिपेंडन्सी म्हणतात. पॅकेजे बसवणारा कार्यक्रम हा आपला गडी. तो पाटी अक्षरशः वाचतो. तिचा हेतू काय, हे त्याला कळत नाही.

आता झाले काय ते ऐका. यारोस्लाव्ह किसेला या चेक गृहस्थाने 1998 साली 'अल्सा' नावाची आवाजाची नवी व्यवस्था उभी करायला घेतली. त्या वेळी कर्नलमध्ये 'ओ. एस. एस.' ही जुनी व्यवस्था होती. त्यामुळे अल्साचे ड्रायव्हर बाहेरून, वेगळ्या पॅकेजातून आणावे लागत. ते ज्या कर्नलसाठी बांधले, त्याच कर्नलला बसत. कर्नल बदलला, की ड्रायव्हर पुन्हा बांधा! साहजिकच आवाजाच्या इतर पॅकेजांवर पाटी आली : 'अल्साच्या ड्रायव्हरांचे पॅकेज हवे.' तेव्हा ती बरोबरच होती.

पुढे 2002 साली अल्सा कर्नलच्या 2.5 या विकासमालिकेत शिरले, आणि डिसेंबर 2003 मध्ये 2.6 हा कर्नल सर्वांसाठी निघाला तेव्हा ते गाभ्याचाच भाग होते. म्हणजे विजेची तार घरात आली. पण पाटी जुनीच राहिली, तर गडी बाहेरचे इंजीन मागणारच. मग दोनपैकी एक अनर्थ होतो. एक तर तो पॅकेज बसवायचेच नाकारतो. नाही तर जुने ड्रायव्हर शोधून आणतो. ते नव्या कर्नलशी जुळत नाहीत, आणि घरात असलेल्या सोयीच्या आड मात्र येतात.

यावर उपाय काय? काही जण 'इक्विव्स' नावाच्या साधनाने रिकामे पॅकेज तयार करतात. आत काही नाही, वर नाव तेवढे आहे. पडवीत इंजिनाचे चित्र टांगून गड्याची समजूत घालावी, तसा हा प्रकार. अडल्या वेळी तो चालतो. परंतु केल्याची नोंद ठेवली नाही, तर पुढच्या माणसाला ते चित्रच इंजीन वाटते.

खरा उपाय पाटी बदलण्याचा, आणि तो पॅकेज बांधणाऱ्याच्या हातचा. 'इंजीन हवे' असे न लिहिता 'चालना हवी' असे लिहावे. मग ती तेलाची असो की विजेची. डेबियनसारख्या प्रणालीत तशी सोय आहे. 'हे किंवा ते' असा पर्याय पाटीवर लिहिता येतो, आणि एखादे पॅकेज 'ही गरज मी भागवतो' असे स्वतःबद्दल जाहीरही करू शकते. गरज लिहावी, वस्तू लिहू नये. साऱ्याचे सार एवढेच.

ही जुनी कथा झाली, असे मात्र समजू नका. सी-डॅक या संस्थेचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. तिने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे. त्या डेबियनमध्ये अलीकडे उलटा पेच दिसतो. अनेक नव्या लॅपटॉपांत आवाजाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. पण आवाजाच्या चिपेत भरायचा 'साउंड ओपन फर्मवेअर' हा मजकूर वेगळ्या पॅकेजात राहतो, आणि तो आणलाच पाहिजे अशी सक्ती कर्नलच्या पाटीवर नसते. तार आली, मोटर बसली, पण फ्यूज बाजारातून आणायचा राहिला! त्यात जून 2023 मध्ये निघालेल्या डेबियन 12 ने अशा फर्मवेअरसाठी स्वतंत्र विभाग केला. जुन्या प्रणालीवरून वर येताना पॅकेजांच्या स्रोतयादीत त्या विभागाचे नाव घातले नाही, तर फर्मवेअरची नवी आवृत्ती येत नाही.

मग शिक्षकाने काय करावे? सगळे संगणक एकाच दिवशी नवे करू नयेत. आधी एकच करून पाहावा. 'अ‍ॅप्ट'ला प्रत्यक्ष काही न करता नुसती रंगीत तालीम करायला सांगता येते. त्या तालमीत काय बसणार यापेक्षा काय काढले जाणार, ती यादी सावकाश वाचावी. आवाजाचे एखादे जुने पॅकेज ओढताना त्याच्यामागे भलतेच काही निघत असेल, तर तिथेच थांबावे.

आवाज आलाच नाही, तर आधी 'अल्सामिक्सर' उघडावा. खांबाखाली 'एम एम' अशी अक्षरे दिसली, तर आवाज नुसता मिटलेला आहे. एम हीच कळ दाबली की तो उघडतो. ते नसेल, तर 'एप्ले'ला कार्डांची यादी विचारावी. यादीत कार्डच नसेल, तर यंत्र सुरू होताना कर्नलने केलेल्या नोंदी वाचाव्यात. फर्मवेअर मिळाले नसेल, तर ते तिथे लिहिलेले असते. पूर्वी कोणी हाताने बांधून घातलेले ड्रायव्हर असतील, तर ते काढावेत. आणि नव्या कर्नलवर आवाज कानांनी ऐकल्याशिवाय जुना कर्नल पुसू नये. सुरुवातीच्या यादीतून तो निवडता येतो, आणि त्या दिवसाचा पाठ बुडत नाही.

शेवटी, केले ते वहीत लिहून ठेवा : तारीख, काय काढले, काय घातले, आणि का. तुमची बदली झाली, तर तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला ती वहीच वाट दाखवील. कारण चूक त्या नव्या गड्याची नव्हती. त्याने पाटी वाचली ती बरोबरच वाचली. इंजीन गेले त्या दिवशी पाटी कोणी बदलली नाही, हीच खरी चूक.