खाज नसलेली खरूज

मी डॉक्टर नाही. आयुष्य पायदळात गेलं आणि निवृत्तीनंतर म्हैसूरला स्थायिक झालो. तरी आज खरजेवर बोलणार आहे. मराठीत खरूज, इथे कन्नडमध्ये कज्जी, आणि दोन्हीकडे नाव काढायची लाज सारखीच.

नेहमीची खरूज आपल्याला माहीत आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ येतं आणि रात्री झोपू न देणारी खाज सुटते. बराकीत एकाला झाली की महिन्या-दीड महिन्यात शेजारच्या खाटाही खाजवू लागतात. तिचं कारण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आठ पायांचा एक जीव. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि तिथेच अंडी घालते. एवढा त्रास देणाऱ्या शत्रूचं संख्याबळ किती? संपूर्ण अंगावर सहसा दहा-पंधरा!

संख्या एवढी कमी राहते, कारण शरीराची प्रतिकारशक्ती पहाऱ्यावर असते आणि खाजवण्यानेही किडे निघून जातात. पहाराच उठला तर? एचआयव्हीचे रुग्ण, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणारे, बरेच दिवस स्टेरॉइडवर असलेले, खूप थकलेले वृद्ध, अशांच्या अंगावर हेच किडे हजारांनी, कधी लाखांनी वाढतात. कातडीवर जाड, राखट खपल्या चढतात, नखं जाड होतात. गंमत अशी, की खाज अगदी कमी असते किंवा नसतेच. १८४८ साली नॉर्वेत डॅनियलसेन आणि बोक यांनी कुष्ठरुग्णांमध्ये हा प्रकार पाहिला, म्हणून त्याला 'नॉर्वेजियन खरूज' म्हणतात.

सैन्यातल्या माणसाला आवडेल अशी एक हकिगत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये खरूज फार फैलावली होती आणि पांघरुणं निर्जंतुक करण्यावर बराच खर्च होत होता. कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलॅन्बी यांनी १९४१ पासून शेफील्डमध्ये प्रयोग केले. स्वयंसेवक होते युद्धात लढायला नकार दिलेले तरुण. रुग्णांचे न धुतलेले कपडे आणि पांघरुणं वापरूनही फार थोड्यांना लागण झाली. नेहमीची खरूज मुख्यतः अंगाला अंग बराच वेळ लागल्यानेच पसरते, हे त्यातून दिसलं. खपल्यांच्या खरजेत मात्र हा दिलासा नाही. गळलेल्या खपल्यांत जिवंत किडे असतात, त्यामुळे चादर, खुर्ची, टॉवेल यांतूनही लागण होते.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं होतं. तळहात-तळपायांवर खपल्या आल्या. सोरायसिस समजून तीन महिने स्टेरॉइडचं मलम लावलं, खपल्या वाढतच गेल्या. उलगडा झाला तो त्यांच्यामुळे नव्हे. आधी वहिनी खाजवू लागल्या, मग नातू, मग अंघोळ घालायला येणारा मुलगा. एका त्वचारोगतज्ज्ञांनी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली, खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि पाच मिनिटांत निदान झालं.

मंडळी, एवढंच लक्षात ठेवा: रुग्णाला खाज नाही, पण सेवा करणाऱ्यांना आहे, तर खरजेचा संशय घ्या आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. उशीर घातक ठरतो. खपल्यांना भेगा पडतात, त्यांतून जिवाणू रक्तात शिरतात आणि अशा अशक्त माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

उपचार आहेत. पर्मेथ्रिनचं मलम आणि आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या यांचा एकत्र मारा करावा लागतो, शिवाय खपल्या मऊ करणारं मलम. गोळ्या एका डोसाने भागत नाहीत, त्या ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. मलम डोक्याला आणि नखांखालीही लावायचं. हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. घरातल्या सर्वांवर, खाज असो वा नसो, एकाच वेळी उपचार व्हायला हवेत. एक चौकी सोडली तर शत्रू तिथूनच परत येतो. कपडे गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा.

आणि लाज सोडा. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. ते दुर्लक्ष आपल्या घरात तरी नको. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, त्यांचे हात-पाय आज अंघोळीच्या वेळी उजेडात नीट पाहा.