बाळंतिणीची जखम

मूल जन्मले की सारे घर पाळण्याभोवती जमते. बाळंतिणीच्या जखमेची विचारपूस मात्र क्वचितच होते. प्रसूतीच्या वेळी योनी व गुदद्वार यांमधील भाग फाटणे हे अनेक मातांच्या वाट्याला येते. या जखमेच्या ४ श्रेणी मानतात. पहिलीत केवळ त्वचा फाटते, दुसरीत त्याखालचे स्नायूही. तिसरीत गुदद्वार आवळून धरणारा स्नायू, तर चौथीत आतड्याचे अस्तरही. टाके बहुधा आपोआप विरघळतात. जखम भरून यायला काही आठवडे लागतात.

तोवर शौचानंतर कोमट पाण्याने पुढून मागे धुवावे व जागा हलकेच टिपून कोरडी ठेवावी. बाळंतिणीला पाणी बेताचेच देण्याची जुनी रीत येथे अपायकारक ठरते. मळ कडक झाला की टाक्यांवर ताण पडतो. अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम सोसवेल तसा सुरू करावा.

ताप, दुर्गंधी, पू, वाढता ठणका दिसल्यास, किंवा मळावर, वायूवर ताबा न राहिल्यास, लाजेने गप्प न बसता डॉक्टरांना दाखवावे. सोसणे हा काही बाळंतिणीचा धर्म नव्हे. घरातील वडीलधाऱ्या बाईने पाळण्याकडे वळण्यापूर्वी तिला एवढेच विचारावे, "बसताना दुखते का ग?"