देहाचा गाभारा

श्रद्धावंताच्या ठायी देव वस्ती करतो, हा प्रेषित पौलाचा विचार ख्रिस्ती कानांना इतका सवयीचा झाला आहे की पहिल्यांदा तो ऐकणाऱ्यांना काय वाटले असेल, हे आपल्या मनातही येत नाही. इ.स. 54च्या सुमारास पौलाने इफिसहून करिंथच्या मंडळीला पत्र धाडले, तेव्हा यरुशलेमचे मंदिर दिमाखात उभे होते. रोमी सैन्याने ते पाडले 70 साली. तेव्हा हरवलेल्या मंदिराच्या दुःखावर शोधलेले हे सांत्वन नव्हे. शिवाय त्याने वापरलेला शब्द पाहावा. ग्रीकमध्ये ‘हिएरॉन’ म्हणजे अंगणओवऱ्यांसह सगळे देवालय, आणि ‘नाओस’ म्हणजे देवाच्या वस्तीची आतली वास्तू. ‘तुम्ही देवाचे मंदिर आहात’ असे लिहिताना पौल ‘नाओस’ म्हणतो. मराठीत आपण त्याला गाभारा म्हणू. यरुशलेमला अगदी आतल्या दालनात वर्षातून एकाच दिवशी, एकट्या प्रमुख याजकालाच पाऊल टाकता येई. ते पावित्र्य पौल कुणाला देतो आहे?

रोमनांनी इ.स.पू. 146मध्ये उद्ध्वस्त केलेले करिंथ सीझरने इ.स.पू. 44मध्ये पुन्हा वसवले, आणि तिथे आणलेल्यांत मुक्त झालेले गुलाम पुष्कळ होते. पौलाच्या मंडळीत गुलामही होते. त्यांना उद्देशून त्याने पत्रात लिहिलेच आहे. गुलामाचा देह त्याचा स्वतःचा नसे. तो विकला जाई, भोगला जाई. अशा माणसांसमोर पौल ‘आत्मा’ म्हणून थांबत नाही, सहाव्या अध्यायात तो ‘शरीर’ हेच मंदिर म्हणतो, आणि ते मोल देऊन विकत घेतलेले आहे असे बाजाराच्याच भाषेत सांगतो. धन्याने मोजलेल्या नाण्यांहून मोठे मोल कुणीतरी आधीच दिले आहे! माझ्या मते या शिकवणीचा प्राण इथे आहे.

यावर कुणी म्हणेल, तिसऱ्या अध्यायातले ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे, म्हणजे मंदिर ही सगळी मंडळी, एकटा माणूस नव्हे. हे खरे आहे, आणि मराठीत ‘तुम्ही’ आदरार्थीही असल्याने ते नजरेतून सहज निसटते. पण सहाव्या अध्यायात विषय एकेकाच्या देहाच्या वर्तनाचा आहे. तिथे मंडळीआड लपता येत नाही. दुसरी शंका अहंकाराची: देव माझ्यात, मग मीच देव? गाभारा म्हणजे देव नव्हे. आकाशातही न मावणारा देव या घरात कसा मावेल, हे यरुशलेमच्या पहिल्या मंदिराच्या समर्पणवेळी राजा शलमोनानेच विचारले होते. वस्ती ही कृपा आहे, घराची ऐपत नव्हे.

तिसरी शंका अधिक बोचरी आहे. पौलाने गुलामगिरी मोडा असे म्हटले नाही. ही उणीव झाकून चालणार नाही, आणि पुढे शतकानुशतके ख्रिस्ती धन्यांनी तिचा आधार घेतला हेही नाकारता येत नाही. तरी त्याच पत्राचा अकरावा अध्याय वाचावा. प्रभुभोजनाला जमल्यावर काहीजण आपले आणलेले आधीच खाऊनपिऊन तर्र होत, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. पौल यावर चिडतो, आणि एकमेकांसाठी थांबा म्हणून बजावतो. ज्याच्या देहाला गाभारा म्हटले, त्याच्या पोटात अन्न नाही, हे पौलाला सहन होत नाही.