पंख्याच्या विमानावरून



काल चहाच्या वेळी एकानं विचारलं, "अजून त्या पंख्याच्या विमानावरच?" माइक हातात आलाय, तर सांगतो.

मी एटीआर-७२ चालवतो. सत्तरएक प्रवासी, तासाभराची उड्डाणं. दिवसात चारदा चढायचं, चारदा उतरायचं. जेट ढगांच्या वरून जातं. आमची मर्यादा २५,००० फूट, त्यामुळे पावसाळ्यात आम्ही ढगांच्या गर्दीतच. पैसे मात्र उड्डाणाच्या तासांचे. दोन फेऱ्यांमधलं ताटकळणं फुकट! (प्रवाशांना वाटतं, आम्ही आराम करतो.)

२०१९ साली एअरबसची संधी आली होती. पगार बराच जास्त, पण बेस दिल्ली आणि रात्रीच्या ड्यूट्या. माझा बेस हैदराबाद. सुट्टी लागली की रात्रीची गाडी धरायची, सकाळी सोलापूर. तेव्हा वडिलांना अर्धांगवायू झालेला. मी नाही म्हणालो. प्रशिक्षणाचं कर्ज त्यामुळे लांबलं, घराचं राहूनच गेलं. बायकोनं बोलून दाखवलं नाही, पण हिशेबाची वही तीच लिहिते.

वडील गेल्या वर्षी गेले. आता पुन्हा एक ऑफर आलीय. कॅप्टनला नोटीस एक वर्षाची, म्हणजे मनात आलं आणि निघालो असं नाही. मुलगी दहावीत आहे. बायको म्हणते, "जा." मुलगी काहीच म्हणत नाही.

बाई, तुमची काळ-काम-वेगाची गणितं मला तेव्हाही सुटायची नाहीत. सोमवारपर्यंत उत्तर कळवायचं आहे.