गिटारच्या तारा



संगीतावरचे व्याख्यान म्हणून यावे आणि तारांच्या वेटोळ्यांवर ऐकावे लागावे, यामुळे काही मंडळी हिरमुसली असतील. पण आम्ही विषय मुद्दाम हाच घेतला. हौसेने आणलेली गिटार सहा महिन्यांत कपाटावर चढते, तेव्हा बोल लागतो मुलाच्या चिकाटीला. तार मात्र नामानिराळी राहते.

काळी एकच्या तंबोऱ्याच्या तारा काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना चालत नाहीत, हे येथे कोणाला सांगायला नको. तीच जाणती माणसे गिटारच्या दुकानात मात्र "एक चांगला संच द्या" एवढेच म्हणतात. चांगला खरा, पण कोणत्या वाद्याला?

गिटारच्या मुख्य जाती दोन. एकीला सगळ्या तारा धातूच्या. दुसरी स्पॅनिश वळणाची. तिच्या तीन बारीक तारा नायलॉनच्या आणि तीन जाड तारा वरून धातूच्या दिसल्या तरी आत नायलॉनचेच तंतू. पूर्वी हिला आतड्याची तात लावीत. दुसऱ्या महायुद्धात ती दुर्मिळ झाली, कारण शस्त्रक्रियेच्या टाक्यांनाही आतड्याचाच दोरा लागे. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी १९४० च्या दशकात नायलॉनची तार सिद्ध केली आणि आंद्रेस सेगोव्हियासारख्या थोर वादकाने ती उचलून धरली.

आता हिशेब पाहा. नायलॉनच्या संचाचा ताण सुमारे ४० किलो. धातूच्या नेहमीच्या संचाचा ७० किलोंच्या वर. आवाज मोठा येतो म्हणून नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा चढवल्या, तर आज ना उद्या तबली फुगते, घोडी उखडते. म्हणून पहिला कौल वाद्याचा.

दुसरा बोटांचा. धातूच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात आणि सर्वांत बारीक तारेवरून संच ओळखतात : १० चा, १२ चा. फरक डोळ्यांना दिसत नाही. पण लांबी व सूर तोच ठेवला, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १० च्या तारेपेक्षा १२ ची तार ४४ टक्के अधिक ताणाची! हे गणित बारा वर्षांच्या मुलाच्या बोटांना आमच्याआधी समजते. शिकाऊ हाताला १० चाच संच द्यावा. दुकानदार म्हणेल, आवाज बारीक येईल. येईल, येऊ द्या.

कानाचा कौल तिसरा. जाड तारांवरील वेटोळ्याला बाजारात ब्राँझ म्हणतात. पण त्यातल्या एका प्रकारात तांबे ८० टक्के, जस्त २० टक्के. आमच्या तांबट आळीत याला पितळ म्हणतात! ती सुरुवातीला लखलखीत वाजते आणि लवकर मंदावते. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याला कथिलाची जोड, म्हणजे जातीने कांसे. नाद भरीव आणि टिकाऊ. कोकणच्या दमट हवेत किंवा घामट हाताला पातळ लेप दिलेल्या तारा महाग असूनही परवडतात.

वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसाव्यात. काळवंडल्या, पडद्यांवर सूर जुळेना, की बदलाव्यात. मात्र जुनी तार खुंटी फिरवून पुरती सैल केल्यावरच कापावी, नाहीतर टोक उसळून डोळ्यांकडे येते.