चौथी वेळ कुणासाठी?

(विश्रामबाग, सांगली येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



समोर वालचंदची मुलं आहेत, विलिंग्डनचीही आहेत. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. बोलताना मध्येच कोड आला तर विलिंग्डनवाल्यांनी माफ करावं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मला वुजूला पाऊण तास लागायचा. चेहरा धुतला की वाटायचं, कानाजवळ कोरडं राहिलं. पाय धुऊन झाले की शंका यायची, हात नीट धुतले होते का? पुन्हा पहिल्यापासून. जमात निघून जायची, हाताची कातडी सोलली जायची. फजरच्या धास्तीने रात्रभर झोप नाही. खोलीतले मित्र म्हणायचे, 'किती परहेजगार आहेस!' ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी गप्प बसायचो. त्या सेमिस्टरला चार विषय राहिले.

सुट्टीत गावच्या मौलानांना गाठलं. वाटलं, एखादा वजीफा देतील. त्यांनी विचारलं, 'किती वेळा धुतोस?' मी मान खाली घातली. ते म्हणाले, 'बाळा, सुन्नत तीन वेळांची. चौथी वेळ कुणासाठी?' मग फिकहचा जुना नियम सांगितला: एकदा झालेली खात्री नुसत्या शंकेने मोडत नाही. आणि हळूच म्हणाले, 'मिरजेला जा, मनाच्या डॉक्टरला दाखव. दुआ मी करतो.'

डॉक्टर म्हणाले, ओसीडी. थांबायची अट नसलेला लूप, असं मी स्वतःला समजावलं. गोळ्या सुरू झाल्या आणि एक सराव: वुजू एकदाच करायचा, नळ बंद करायचा आणि येणारी भीती येऊ द्यायची. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, खोटं बोलणार नाही.

आपण याला वसवसा म्हणतो आणि सैतानावर ढकलून मोकळे होतो. अबू जैद अल-बल्खी (इ.स. 850–934) यांनी मात्र शरीर आणि मनाच्या आरोग्यावरच्या ग्रंथात दुःख, राग, भीती यांच्या शेजारी वसवशालाही जागा दिली आणि उपाय सांगितले. हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या खोलीतल्या चार भावी इंजिनिअरांना ती ठाऊक नव्हती.

नमाज सोड, असं डॉक्टर कधीच म्हणाले नाहीत. उलट पाच वेळा खोलीबाहेर पडणं, कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून उभं राहणं, यानेच त्या दिवसांत मला सावरलं. आजार नमाजेत नव्हता, पण नुसत्या नमाजेने तो गेलाही नाही.

कुणी उदास बसला तर 'तुझं इमान कमजोर आहे' म्हणू नका. सूरह यूसुफमध्ये मुलाच्या दुःखाने हजरत याकूब यांचे डोळे पांढरे पडतात. ते तर नबी होते.

आता मोबाईल काढा. 14416, सरकारची टेलिमानस सेवा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. सेव्ह करा. मी थांबतो.

झालं? असरची वेळ होत आलीय. वुजूला कुणाला फार वेळ लागत असेल, तर नमाजेनंतर मी बाहेरच उभा आहे.